'याकोब' : एका नामाची व्युत्पत्ती आणि रूपभेद

बायबलमधील पुरुषनामांच्या विवेचनात दोन पद्धती रूढ आहेत. पहिली, नामाचा 'अर्थ' सांगून थांबण्याची. दुसरी, निरनिराळ्या भाषांतील रूपांची यादी देऊन ती एकाच नामाची असल्याचे नमूद करण्याची. 'याकोब' या नामाची परीक्षा केली असता दोन्ही पद्धती अपुऱ्या ठरतात. या नामाची रूपे ध्वनिपरिवर्तनाने जितकी घडली, तितकीच ती व्याकरणाने घडली आहेत. आणि कोणते रूप कोणास लावावयाचे, हे वापराने ठरविले आहे.

प्रथम अर्थाचा विचार. 'टाच धरणारा' व 'ठकविणारा' हे कोशांत दिले जाणारे दोन्ही अर्थ उत्पत्तीच्या पुस्तकातूनच आलेले आहेत. अध्याय २५ मध्ये नाम टाच या अर्थाच्या हिब्रू शब्दाशी जोडले आहे. अध्याय २७ मध्ये एसाव त्याच ध्वनिसाम्यावर कोटी करून भावाच्या कपटाचा उल्लेख करतो. एकाच ग्रंथाने एकाच नामाची दोन स्पष्टीकरणे द्यावीत, हेच ती कथानकाच्या अंगाने आल्याचे लक्षण होय. इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धातील मेसोपोटेमियाच्या इष्टिकालेखांत याच धातूपासून साधलेली, अंती 'एल' हे देवनाम असलेली व्यक्तिनामे आढळतात. गीझ भाषेत हा धातू 'राखणे' या अर्थी येतो. त्यावरून 'एल रक्षण करो' अशा पूर्ण वाक्यात्मक नामाचा 'याकोब' हा संक्षेप असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. म्हणून बायबलमधील स्पष्टीकरणे टाकाऊ ठरत नाहीत. ती कथेचा अर्थ सांगतात, नामाची व्युत्पत्ती नव्हे.

पुढील भेद ग्रीक भाषेत उत्पन्न झाला. नव्या करारात मूळ कुलपुरुषाचे नाम 'याकोब' असे अविकारी राहते, त्यास विभक्तिप्रत्यय लागत नाहीत. परंतु जब्दीचा पुत्र, अल्फीचा पुत्र व येशूचा बंधू यांस 'याकोबोस' हे सविभक्तिक रूप मिळते. पहिले रूप प्राचीन, परके व पवित्र, दुसरे व्यवहारातील. लॅटिनने 'याकोब' व 'याकोबुस' हा भेद जसाच्या तसा स्वीकारला.

उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'याकोबुस'बरोबर 'याकोमुस' हे रूपही दिसते. ब व म दोन्ही ओष्ठ्य असल्याने हा पालट केवळ अनुनासिकत्वाचा आहे. आद्य य-काराचा पुष्कळ ठिकाणी ज-कार झाला. मराठी वाचकास 'यात्रा–जत्रा' या जोडीवरून ही प्रक्रिया सहज उमगेल. ब-काराच्या शाखेतून फ्रेंच 'जाक' व इटालियन 'याकोपो' आले. म-काराच्या शाखेतून इटालियन 'जाकोमो', स्पॅनिश 'हाइमे' आणि जुन्या फ्रेंचच्या द्वारे इंग्रजी 'जेम्स'.

काही रूपांचा उगम मात्र शुद्ध व्याकरणिक आहे. स्कॉटिश गेलिक 'शेमस' या नामाचे संबोधनाचे रूप इंग्रजी भाषकांच्या कानी पडले, व तेच 'हेमिश' असे स्वतंत्र नाम होऊन बसले. 'सान्त यागो' हे एकत्र उच्चारून 'सांतियागो' झाले. त्याची 'सान तियागो' अशी चुकीची फोड होऊन पोर्तुगीज 'तियागो' निघाले. 'दिएगो' हेही याच फोडीतून आले असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु मध्ययुगीन दस्तऐवजांत त्याचे लॅटिन रूप 'दिदाकुस' असे येते, त्यामुळे ही व्युत्पत्ती निःशंक मानता येत नाही. रूपसाम्य हा वंशाचा पुरावा नव्हे.

इंग्रजीत भेदाची परिणती विस्मृतीत झाली. १६११ च्या भाषांतरात कुलपुरुष 'जेकब' व प्रेषित 'जेम्स' आहे. येशूच्या बंधूस कुलपुरुषाचेच नाम मिळाले होते, ही गोष्ट वाचकास दिसत नाही. लॅटिनमध्ये ती टिकली होती. म्हणूनच १६८८ नंतर पदच्युत राजा दुसरा जेम्स याचे अनुयायी 'जॅकोबाइट' म्हणविले गेले.

मराठी बायबलने दोघांसही 'याकोब' म्हटले आहे. यामुळे इंग्रजीत तुटलेला नामबंध मराठीत शाबूत राहिला. परंतु लाभासोबत हानीही आहे. 'याकोबाने', 'याकोबाचा' असे सामान्यरूप मराठी दोघांसही सारखेच देते. म्हणून ग्रीक लेखकांनी अविकारी व सविकारी रूपांनी राखलेले अंतर येथे नाहीसे होते. शिवाय अरबी-फारसीच्या मार्गाने आलेले 'याकूब' आणि इंग्रजीच्या मार्गाने आलेली 'जेकब' व 'जेम्स' ही रूपे मराठी समाजात स्वतंत्र नामे म्हणून नांदतात; त्यांतील एकाचा धनी दुसऱ्यास आपला नामबंधू समजत नाही.

तात्पर्य, या सर्व रूपांना 'एकच नाम' म्हणणे व्युत्पत्तिदृष्ट्या यथार्थ असले, तरी भाषिक व्यवहाराच्या दृष्टीने अपुरे आहे. नामकोशातील नोंदीने केवळ मूळ व यादी देऊन भागणार नाही. प्रत्येक रूप कोणत्या भाषेत, कोणत्या व्याकरणिक कारणाने वेगळे झाले व पुढे कोणासाठी राखले गेले, हेही तिने सांगावयास हवे. नामाचा इतिहास त्या विभागणीत असतो.