वाटणी मागायची कुणी? : ‘वाडा चिरेबंदी’

वारसाहक्काची रहस्यकथा म्हटली की आपण हरवलेलं मृत्युपत्र शोधायला लागतो. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) कोर्ट नाही, वकील नाही. तात्याजी गेलेत, धरणगावकर देशपांडे जमलेत आणि लक्ष आहे दागिन्यांवर. ते घेऊन नात रंजू पळते. थरार तेवढाच.

काही जण म्हणतात, मुलगी प्रभा नाटकात नुसती कुढते, करत काहीच नाही. मला हा आक्षेप पटत नाही. तेव्हाचा कायदा बघा ना! १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे राहत्या घरात मुलीला वाटा होता. पण भाऊ वाटणी करत नाहीत तोवर तिला ती मागता येत नसे. अविवाहित मुलीला राहण्याचा हक्क तेवढा होता. म्हणजे प्रभानं वाड्यात राहावं, वाडा मागू नये. बापानं तिला शिकायला बाहेर जाऊ दिलं नाही. कायद्यानंही तिच्या हाती काही ठेवलं नाही. मग ती करणार काय?

२००५ मध्ये ते कलम रद्द झालं. तरी आपल्या नवी मुंबईत साडेबारा टक्क्यांच्या भूखंडापायी बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतं, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. त्या सहीला संमती म्हणायचं का? हे नाटक आजही आपल्याला तेच विचारतं.