बायकांचं घर वेगळं टांगलेलं

१८०४ साली व्हिएन्नात एक पुस्तिका निघाली. तिच्यात ‘मिनर्व्हा’ या हवाई जहाजाची कल्पना आणि चित्र होतं. कर्ता रॉबर्टसन, मूळचा लिएजचा. पॅरिसमध्ये अंधाऱ्या खोलीत पडद्यावर भुतं दाखवून त्यानं लोकांना घाबरवलं होतं आणि बलूनमधून उड्डाणंही केली होती.

चित्र बघाल तर आधी हसूच येतं. दीडशे फूट व्यासाचा रेशमी गोळा, त्याच्या डोक्यावर कोंबडा आणि खाली दोरखंडांनी टांगलेलं चक्क समुद्रातलं जहाज! त्यात साठ विद्वान राहणार, जगभर हिंडून शोध लावणार. त्यांच्यासाठी वेधशाळा आहे, व्यायामाची जागा आहे, औषधांची खोली आहे, पाण्या-दाण्याचं प्रचंड कोठार आहे.

मला आवडलं ते स्वयंपाकघर. ते बलूनपासून मुद्दाम लांब ठेवलंय, कारण आतला वायू ठिणगीनं पेटतो. चुलीचा एवढा विचार करणारे विद्वान विरळाच! पण जहाज वळवायचं कसं, हा खरा प्रश्न चित्र सोडवत नाही. बलून वाऱ्याबरोबरच वाहतं, मग तिथं शीड फुगणार कशानं? समुद्रावरची ओळखीची वस्तू उचलून आकाशात टांगली, एवढंच झालं.

माझं खरं भांडण आहे ते एका छोट्या घराशी. मुख्य जहाजापासून दूर लोंबणारं हे घर हौशी बायकांसाठी. दूर का? तर विद्वानांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून! साठ जणांचं चित्त इतकं कच्चं? ही सगळी थट्टाच होती म्हणावं, तरी थट्टा कुणाची केली हे दिसतंच की. अख्खं गाव आकाशात नेताना माजघर आणि ओसरी यांतलं अंतर तेवढं जसंच्या तसं वर गेलं.

आणि प्रत्यक्षात काय चाललं होतं? वीस वर्षांपूर्वीच, १७८४ साली, लियाँमध्ये एलिझाबेथ तिब्ल बलूनमधून उडाली होती. ‘मिनर्व्हा’ कागदावर आली त्याच १८०४ सालच्या डिसेंबरात सोफी ब्लांशार नवऱ्याबरोबर पहिल्यांदा वर गेली. पुढच्याच वर्षी ती एकटी उडू लागली. नवऱ्यामागं त्याचं कर्ज फेडायला तिनं हाच धंदा धरला. १८१९ साली पॅरिसवर आतषबाजी करताना तिचं बलून पेटलं आणि ती छपरावरून खाली पडून गेली.

‘मिनर्व्हा’ कधी बांधलीच गेली नाही. सोफीची टोपली मात्र साठाहून जास्त वेळा आकाशात गेली, आणि तिच्यात दुसऱ्या कुणाला बसायला जागाही नव्हती.