अंडी, पिले आणि संसाराचा हिशेब

नोकरीनिमित्त परमुलखात आयुष्य घालविणाऱ्या मराठी माणसाच्या मनात निवृत्तीनंतरच्या दिवसांचे एक चित्र बहुधा कायमचे रेखलेले असते. गावाकडे थोडी जागा, पाण्याने भरलेली विहीर, पाचदहा झाडे, गोठ्यात एक गाय, आणि परसात दहावीस कोंबड्या व त्यांच्या जोडीला चार बदके. बदलीचा प्रत्येक नवा हुकूम हाती पडला की या चित्राचे रंग अधिकच गडद होतात. मात्र दोन गोष्टी त्यात सहसा आढळत नाहीत. भल्या पहाटे खुराड्याचे दार उघडणारा हात कोणाचा, आणि दाणापाण्याचे पैसे कोठून यावयाचे? परसातल्या संसारावर लिहिलेल्या कोणत्याही पुस्तकाची पारख याच दोन प्रश्नांच्या आधारे करावी, असे माझे मत आहे. वर्णने रमणीय असणे फारसे अवघड नसते; हिशेब प्रामाणिक असणे अवघड असते.

या दृष्टीने दोन अमेरिकन लेखक एकत्र वाचण्यासारखे आहेत. पहिली बेटी मॅकडॉनल्ड. तिचे ‘द एग अँड आय’ हे पुस्तक 1945 साली निघाले आणि वर्षभराच्या आतच त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. 1947 साली त्यावर चित्रपटही निघाला. दुसरा ई. बी. व्हाइट. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाचा हा नामांकित लेखक 1938 साली न्यूयॉर्क सोडून मेन राज्यातील आपल्या शेतावर राहावयास गेला आणि तेथून त्याने ‘हार्पर्स’ मासिकात सदर लिहिले. त्या लेखांचा ‘वन मॅन्स मीट’ हा संग्रह 1942 साली प्रसिद्ध झाला.

बेटीची हकीकत थोडक्यात अशी. 1927 साली तिचे लग्न झाले. नवऱ्याच्या मनाने कोंबड्यांच्या शेतीचा ध्यास घेतला, आणि वॉशिंग्टन राज्याच्या ऑलिंपिक द्वीपकल्पातील रानात या जोडप्याने बिऱ्हाड थाटले. घरात वीज नव्हती, नळ नव्हता. पाणी वाहून आणावयाचे, लाकडाच्या चुलीवर स्वयंपाक करावयाचा, अंडी पुसून पेट्यांत भरावयाची आणि शेकड्यांनी आणलेली पिले जगवावयाची. ‘स्टोव्ह’ हे तर या पुस्तकातील एक स्वतंत्र पात्रच आहे. घरात ठाण मांडून बसलेल्या खाष्ट सासूसारखा तो वागतो. नवरा आपल्या कामात सुखी राहील हे पाहणे पत्नीचे कर्तव्य, ही आईची शिकवण गाठीशी बांधून ही तरुण मुलगी रानात आली. त्या शिकवणुकीची पहाटेपासून रात्रीपर्यंत जी कसोटी लागते, तोच या पुस्तकाचा खरा विषय आहे.

विनोदी पुस्तक म्हणून त्याची ख्याती झाली हे खरे. पण त्यातील विनोदाखाली श्रमांचा एक काटेकोर जमाखर्च आहे. खेड्यातील जीवनाची गोडी गाणाऱ्या लेखकांनी जे काम ‘घरकाम’ या एका शब्दात गुंडाळून ठेविले, ते बेटी बादलीबादलीने मोजून दाखविते. कोंबडीचे पिलू गोजिरवाणे असते, हा समज ती निर्दयपणे मोडून काढते. पाच पिले आईच्या पंखाखालून डोकावतात तेव्हा ती गोजिरवाणी दिसतात. तीच शेकड्यांनी एका खोलीत कोंडली, थंडीने एकमेकांवर चढून गुदमरू लागली आणि रात्रीतून अनेक वेळा उठून त्यांची ऊब राखावी लागली, म्हणजे गोजिरवाणेपणा संपतो आणि नुसती धास्ती उरते.

येथेच व्हाइटचा वेगळेपणा लक्षात येतो. त्याच्या आवारात कोंबड्या, पाळीव हंस, मेंढ्या, डुकरे असा मिश्र परिवार होता. असा कळप पाळणाऱ्याला प्रत्येक प्राण्याचे स्वतंत्र घड्याळ सांभाळावे लागते. कोंबडीचे अंडे एकवीस दिवसांत फुटते, बदकाला सुमारे अठ्ठावीस लागतात, हंसाला त्याहूनही दोन दिवस अधिक लागू शकतात. बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवणाऱ्या आपल्याकडील गृहिणीला हा आठवड्याचा फरक तोंडपाठ असतो. मिश्र कळपात खोडकर कोण, भित्रा कोण, भांडखोर कोण हे ओळखावेच लागते, आणि लेखकाची दृष्टी त्याच ओळखीवर पोसते. शेकडो एकसारख्या पांढऱ्या कोंबड्यांत ओळख संपते आणि मोजदाद तेवढी शिल्लक राहते. बेटीला कोंबडीचा तिटकारा आला तो तिचे मन कठोर होते म्हणून नव्हे. पोट भरण्याच्या त्या पद्धतीने प्राण्याला आकडा केले होते, आणि आकड्यावर कोणी माया करीत नाही.

व्हाइटची जमेची बाजू त्याच्या लहान मुलांसाठी लिहिलेल्या ‘शार्लट्स वेब’ या 1952 सालच्या कादंबरीत उत्तम दिसते. तेथील हंसी आठ अंड्यांवर बसते. सात फुटतात, एक नासते. आठही फुटली असे लिहिणे मुलांच्या पुस्तकात सहज खपून गेले असते. परंतु प्रत्यक्ष अंडी उबविलेल्या माणसाच्या लेखणीला ते शक्य नव्हते. शिवाय ते नासके अंडे वाया जात नाही. उंदीर ते जपून ठेवतो, आणि पुढे योग्य वेळी ते फुटून त्याची दुर्गंधी कोळिणीचा जीव वाचविते. परसात काहीही फुकट जात नाही, हा अनुभव येथे कथानकाची रचनाच बनला आहे. 1941 साली युरोपात युद्ध पेटले असताना लिहिलेल्या ‘स्प्रिंग’ या निबंधात तो पिलांच्या ऊबघरातील शेगडीची राखण करतो आणि अशा काळातही अंड्यावरील आपला विश्वास जाहीर करतो. 1971 साली, वयाच्या सत्तरीनंतर, तरुण नराकडून हार खाल्लेल्या म्हाताऱ्या हंसावर त्याने जो निबंध लिहिला, त्यात करुणा आहे, पण भाबडेपणाचा लवलेश नाही.

मग व्हाइट हाच श्रेष्ठ, असा निकाल देऊन मोकळे व्हावे काय? तसे करणे अन्यायाचे होईल. व्हाइटच्या घरचा खर्च कोंबड्यांवर चालत नव्हता. त्याची लेखणी कमावीत होती, आणि पत्नी कॅथरिन मेनमध्ये राहूनही टपालाने ‘न्यूयॉर्कर’चे संपादन करीत होती. हाताखाली गडीमाणसे होती. स्वयंपाकघरातील श्रम त्याच्या निबंधांत अगदी ओझरते येतात. त्याची ऋजुता खरी आहे. पण तिला पगाराचा आधार आहे. बेटीला तो आधार नव्हता. 1931 साली दोन मुलींना घेऊन तिने ते शेत आणि तो संसार दोन्ही सोडले. पुस्तकात मात्र ही गोष्ट नाही. तेथे नवराबायको अधिक सोयीच्या नव्या जागेची स्वप्ने पाहत राहतात. बादलीबादलीचा हिशेब मांडणाऱ्या लेखिकेने सर्वांत मोठी खर्चाची बाब वहीत लिहिलीच नाही. सगळे हसण्यावारी नेण्याची तिची घाई कोठून आली, हे या मौनावरून कळते.

तिच्या हसण्यातील खरा दोष मात्र याहून गंभीर आहे. ते हसणे स्वतःपाशी थांबत नाही, ते दुबळ्या शेजाऱ्यांवर जाऊन पडते. गबाळ्या केटल कुटुंबाचे चित्र इतके गाजले की त्यावर पुढे चित्रपटांची एक मालिकाच निघाली. त्या पात्रांत आपलीच नालस्ती झाली अशी शेजारच्या एका कुटुंबाने फिर्याद केली. 1951 साली पंचांनी लेखिकेच्या बाजूने कौल दिला. कायद्याचे समाधान झाले, तरी वाचकाचे होत नाही. त्या भूमीच्या मूळ रहिवाशांविषयी तिने जे तुच्छतेचे उद्गार काढले आहेत, ते तर आज वाचवत नाहीत. येथे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची आठवण मराठी वाचकाला झाल्यावाचून राहणार नाही. दारिद्र्य, लहरी नवरा, वारंवार मोडणारे बिऱ्हाड, आणि या सर्वांवर मात करणारे हसू तेथेही आहे. परंतु लक्ष्मीबाई आपल्या मनातील सोवळेओवळे कसे गळून पडले हेही सांगतात. स्वतःचा पूर्वग्रह हाच त्यांच्या कथनाचा विषय होतो. बेटीला आपला पूर्वग्रह दिसतच नाही. दोघीही विलक्षण धीराच्या, पण एकीच्या हसण्याने माणूस जवळ येतो आणि दुसरीच्या हसण्याने दूर जातो.

म्हणून या दोन लेखकांना एकमेकांचे पूरक मानून वाचावे. प्राण्याकडे कसे पाहावे हे व्हाइटकडून शिकावे. ते पाहण्याची सवड कोणाच्या श्रमांतून निघते हे बेटीकडून. लहान कळप पाळणाऱ्यांसाठी लिहिलेल्या एका मार्गदर्शक पुस्तकाला 1944 साली व्हाइटने प्रस्तावना लिहिली. तीत कोंबड्यांच्या घरात धावू नये, चालावे, आणि अनोळखी वस्तू हाती धरून आत जाऊ नये, अशा अर्थाची साधी सूत्रे आहेत. निवृत्तीनंतर गावी जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या बांधवांनी ती जरूर पाळावीत. पण त्याआधी बेटीचे पुस्तक घरात मोठ्याने वाचावे, आणि तेही जिला पहाटे खुराडे उघडावे लागणार आहे तिच्या समक्ष. आपल्या खेड्यांत कोंबड्या बहुधा घरच्या बाईच्या असतात. अंड्यांचे चार पैसे तिच्या गाठीला राहतात, आणि घार, मुंगूस व मानमोडीच्या साथीची चिंताही तिच्याच वाट्याला येते. परसाच्या स्वप्नात तिचे मत विचारले गेले की नाही, यावर ते स्वप्न संसार होणार की नुसती हौस राहणार, हे ठरते. साहित्याकडून याहून अधिक व्यवहारी उपदेशाची अपेक्षा करू नये, आणि याहून कमी अपेक्षाही करू नये.