‘पॅटर्न’ : एका शब्दाचे मराठवाड्यातील अर्थांतर

इंग्रजीतील ‘पॅटर्न’ आणि ‘पेट्रन’ हे मुळात एकच शब्द होत. आश्रयदाता या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आले. ज्याचे अनुकरण करावे तो, आणि पुढे जीवरून प्रती काढाव्यात ती वस्तू, असा अर्थ सरकत गेला. अनुकरणीयता हा त्याचा गाभा होय. शासकीय मराठीने ‘आकृतिबंध’ हा पर्याय रूढ केला खरा. परंतु तो कार्यालयीन पदसंख्येच्या व साहित्यचर्चेच्या बाहेर फारसा पडला नाही. नांदेड-लातूरच्या बोलण्यात वावरतो तो ‘पॅटर्न’च.

नांदेड येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात ‘जुन्या पॅटर्नचा विद्यार्थी’ म्हटले की परीक्षेची योजना अभिप्रेत असते. हा प्रयोग मूळ अर्थाला धरूनच आहे. तरुणांच्या तोंडचे ‘आपला पॅटर्नच वेगळा’ हे मात्र त्या अर्थाला उलटे करते. ज्याची नक्कल होणे नाही, तोच येथे पॅटर्न ठरतो!

अधिक विचारार्ह आहे तो ‘लातूर पॅटर्न’. बारावीच्या गुणवत्ता यादीमुळे गाजलेली, राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या नावाशी निगडित झालेली ही पद्धती आशयाने साधी होती : जादा तास, लागोपाठ चाचण्या, उत्तरपत्रिकांची चिकित्सा आणि पुन्हा सराव. स्थलनामापुढे ‘पॅटर्न’ जोडण्याची हीच घडण ‘अकोला पॅटर्न’ या राजकीय आणि ‘शिरपूर पॅटर्न’ या जलसंधारणाच्या संज्ञेतही दिसते. अशा प्रत्येक ठिकाणी क्रियापद एकच येते, ते म्हणजे ‘राबविणे’. ‘राबणे’ या धातूचे हे प्रयोजक रूप. परंतु राबविला जातो तो व्याकरणात पॅटर्न. प्रत्यक्षात राबणारा, म्हणजे भाड्याच्या खोलीत पहाटे उठणारा विद्यार्थी, त्याच्या डब्यासाठी गाव सोडून शहरात येऊन राहिलेली आई, रात्री उत्तरपत्रिका तपासणारा शिक्षक, यांपैकी कोणालाही त्या वाक्यात जागा उरत नाही.

यशाच्या वाक्यात ‘लातूर पॅटर्नने’ अशी तृतीया सहज येते. अपयशाच्या वाक्याची रचना मात्र निराळी असते. तेथे कर्ता एकाएकी प्रकट होतो आणि ‘मुलगा नापास झाला’ असे म्हटले जाते. ‘पॅटर्न नापास झाला’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या सर्वथा निर्दोष असूनही या दोन जिल्ह्यांत सहसा कानी पडत नाही.