खोटा ठोसा, खरं रडू

माझा भाचा लहानपणी सुट्टीत बेळगावला आला की टीव्हीवर ती अमेरिकन कुस्ती लावून बसायचा. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, खोटं आहे रे ते सगळं!" तो तिथूनच विचारायचा, "मावशी, मग तो पडतो कसा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता तो स्वतः बाप झालाय. परवा त्यानेच मला 'बियॉन्ड द मॅट' हा 1999 चा माहितीपट दाखवला.

दिग्दर्शक बॅरी ब्लॉस्टीन हा लहानपणापासून या कुस्तीचा वेडा. तो पैलवानांच्या मागे मागे त्यांच्या घरात शिरतो. गुडघे गेले तरी आखाडा न सुटणारा, पन्नाशी ओलांडलेला टेरी फंक. व्यसनात बुडालेला, मुलीपासून तुटलेला जेक रॉबर्ट्स. आणि मिक फोली. माणसं दाखवण्यात चित्रपट फार प्रामाणिक आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ही माणसं एकमेकांना सांभाळतात कशी, हे तो नीट सांगतच नाही.

भाच्याने समजावलं ते सांगते. मूठ आवळायची, पण सैल. ती गालाला, कपाळाला हलकेच लागते; त्याच क्षणी मारणारा पाय आपटतो. खाली लाकडी फळ्या, वर पातळ गादी आणि कापड, त्यामुळे धाडकन आवाज होतो. आपल्याला वाटतं, ठोसाच वाजला! उरलेलं काम मार खाणाऱ्याचं. मान झटकायची, लडखडायचं. पडताना हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोकं आपटत नाही, आणि अंगाचा भार सगळ्या पाठीवर वाटून घ्यायचा. अधूनमधून कानात कुजबुजून पुढचा डाव ठरतो, हात दाबून "बरा आहेस ना?" असं विचारलं जातं. म्हणजे बघा, हे भांडण नव्हेच, दोघांनी मिळून केलेलं काम आहे. आणि मार खाणाऱ्याचे हात मोकळे असणं ही त्यातली मोठी सोय आहे.

हे कळलं की चित्रपटातला सर्वांत कठीण प्रसंग नीट समजतो. जानेवारी 1999, अनाहाइम शहर. फोलीचा सामना 'द रॉक'शी. पहिल्या रांगेत त्याची बायको आणि दोन लहान मुलं. फोलीचे हात पाठीमागे बेड्यांनी बांधलेले आणि डोक्यावर लोखंडी खुर्चीचे घाव, एकामागून एक. हात वर करून डोकं वाचवायची सोयच काढून घेतलेली. खुर्ची खरी, रक्त खरं. मुलं किंचाळून रडतात, आई त्यांना घेऊन बाहेर जाते, आणि मागे हजारो लोक ओरडतच असतात.

ब्लॉस्टीनने कॅमेरा त्या मुलांवर ठेवला. मला आधी रागच आला. पण नंतर तो हेच चित्रण फोलीला घरी दाखवतो, तेव्हा त्या आडदांड माणसाचा चेहरा उतरतो. मार सोसणाऱ्याला आपली जखम दिसलीच नव्हती. ती मुलांच्या तोंडावर दिसली. एवढ्या एका प्रसंगासाठी मी दिग्दर्शकाला माफ केलं.

आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना असे तीन वाटे सांगतात. केलं ते पाप, करवलं ते पाप, वाहवा केली तेही पाप. त्या दोन पैलवानांच्या मनात वैर नव्हतं. मग तिसरा वाटा कुणाचा? त्या प्रेक्षकांचा, आणि चहा घेत बघणाऱ्या माझाही. कंपनीने खुर्चीने डोक्यावर मारणं बंद केलं ते 2010 साली. मुलांना अकरा वर्षं आधीच कळलं होतं.

भाच्याला आता उत्तर देता येईल. बाळा, तो पडतो, कारण समोरचा त्याला सांभाळून पाडतो. ज्या दिवशी सांभाळणं सुटतं, त्या दिवशी टीव्ही बंद करावा.