तोच सूर पुन्हा

अमेरिकी सूरपटू ग्रेग लुगानिसची कारकीर्द सांगताना लोक पदकं मोजतात. १९७६ ला माँट्रियलमध्ये सोळाव्या वर्षी रौप्य, १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये दोन सुवर्णं, १९८८ ला सोलमध्ये पुन्हा दोन. मला मात्र त्याचं सगळं मोठेपण सोलमधल्या दोन उड्यांत दिसतं. दोन्ही एकाच जातीच्या, ‘रिव्हर्स’. यात खेळाडू पाण्याकडे तोंड करून झेपावतो, पण कोलांट्या घेतो मागे, फळीच्या दिशेने. जिथून निघालो तिकडेच डोकं फिरवायचं.

१९ सप्टेंबरला प्राथमिक फेरीत, तीन मीटरच्या स्प्रिंगबोर्डवरून अडीच कोलांट्यांची ही उडी घेताना तो फार सरळ वर गेला, पुढे पुरेसा सरकला नाही. डोकं फळीवर आपटलं. टाके घालून थोड्याच वेळात तो परत फळीवर आला आणि छाती थोपटत काळीज कसं धडधडतंय ते त्याने दाखवलं. प्रेक्षक हसले, तोही हसला. ते हसू मी दोनदा पाहतो. पहिल्यांदा त्यात नुसतं धैर्य दिसतं. पण ऑलिंपिकच्या काही महिने आधीच आपल्याला एचआयव्ही असल्याचं कळलं होतं, हे त्याने १९९५ मध्ये जगाला सांगितलं. ते ठाऊक झाल्यावर त्याच हसण्यामागे, तलावात सांडलेल्या रक्ताचा घोर लावून घेतलेला एकटा माणूस दिसतो. आणि दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत त्याने तीच उडी पुन्हा घेतली. निर्दोष. सुवर्ण त्याचंच.

आठ दिवसांनी दहा मीटरचा प्लॅटफॉर्म. शेवटची उडी उरलेली, आणि चौदा वर्षांचा चिनी मुलगा श्योंग नी ३ गुणांनी पुढे. लुगानिसने शेवटासाठी ठेवली होती साडेतीन कोलांट्यांची रिव्हर्स. १९८३ मध्ये एडमंटनच्या स्पर्धेत हीच उडी घेताना सोव्हिएत सूरपटू सर्गेई शालिबाश्विलीचं डोकं प्लॅटफॉर्मवर आदळलं होतं आणि त्यात त्याचा जीव गेला. लुगानिस त्या स्पर्धेत होता.

ती उडी डोळे भरून पाहावी. उसळी आधी वर जाते, घाई नाही. मग गुडघे छातीशी, अंगाचं गाठोडं, आणि तीन गिरक्या संपताच ते एकदम उलगडतं. पाण्याला आधी भिडतात ते हातांचे सपाट तळवे.

गुणांचा हिशेब मला या उडीइतकाच सुंदर वाटतो. सर्वांत वरचे-खालचे गुण वगळून उरलेल्या पाच पंचांच्या गुणांची बेरीज श्योंगच्या शेवटच्या उडीला ४३, लुगानिसच्या ४२.५. मुलाचा सूर पंचांना किंचित अधिक आवडला होता. पण त्याच्या उडीची काठिण्यपातळी ३.२, लुगानिसची ३.४. गुणाकार झाला, नियमाप्रमाणे त्याचे तीन-पंचमांश धरले गेले आणि लुगानिस १.१४ गुणांनी जिंकला. ज्या दिशेला फिरताना डोकं फुटलं होतं, त्याच दिशेला आणखी एक कोलांटी जास्त घेऊन.