नाव, तळटीप आणि प्रकाशक : बेल हुक्स यांच्या लेखनव्यवहाराचा विचार

बेल हुक्स (१९५२–२०२१) यांच्या विचारांची चर्चा बहुधा त्यांच्या प्रमेयांपुरती मर्यादित राहते. वंश, लिंगभाव आणि वर्ग या सत्तासंबंधांचा विचार सुटासुटा करता येत नाही, हे त्यांचे मध्यवर्ती प्रमेय होय. 'साम्राज्यवादी, गौरवर्णवर्चस्ववादी, भांडवली पितृसत्ता' ही त्यांनी आग्रहाने वापरलेली लांबलचक संज्ञा म्हणजे या प्रमेयाचेच संक्षिप्त रूप. परंतु या प्रमेयाचे श्रेय एकट्या हुक्स यांना देता येणार नाही. टोनी केड बाम्बारा यांनी संपादित केलेला 'द ब्लॅक वूमन' हा संग्रह १९७० मध्ये निघाला होता. बॉस्टनमधील कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्हने १९७७ च्या निवेदनात दडपणुकीच्या विविध व्यवस्था परस्परांत गुंतलेल्या असल्याचे स्पष्टपणे मांडले होते. मग हुक्स यांचे वेगळेपण कोठे शोधावे? ते त्यांच्या लेखन-प्रकाशनव्यवहारात शोधावे लागते. सिद्धांत कोणी, कोणत्या नावाने, कोणत्या भाषेत आणि कोणाकडून छापून घ्यावा, हा प्रश्न त्यांनी सिद्धांताबाहेरचा मानला नाही. त्यांच्या दृष्टीने तो सिद्धांताचाच भाग होता. या भूमिकेचे बळ आणि तिची किंमत, दोन्ही तपासून पाहण्याजोगी आहेत.

आरंभ नावापासून करणे युक्त ठरेल. केंटकी राज्यातील हॉपकिन्सव्हिल या गावी जन्मलेल्या ग्लोरिया जीन वॉटकिन्स यांनी आपल्या पणजीचे नाव लेखनासाठी घेतले. ही पणजी रोखठोक बोलण्याबद्दल प्रसिद्ध होती. १९७८ मधील 'अँड देअर वी वेप्ट' या छोट्या कवितासंग्रहावर हेच नाव आहे. रोमन लिपीत हे नाव त्या कटाक्षाने लहान अक्षरांत लिहीत. लेखकाच्या व्यक्तित्वापेक्षा लेखनाच्या आशयाकडे लक्ष जावे, हा त्यामागील हेतू त्यांनी वारंवार सांगितला आहे. देवनागरीत लहान आणि मोठ्या अक्षरांचा भेदच नसल्याने मराठीत हे नाव लिहिताक्षणीच ही कृती नाहीशी होते. मराठी वाचकाला ती दिसत नाही, ती सांगावी लागते. पण या लोपातून एक उपयुक्त प्रश्न उद्भवतो. लिपीतील खूण वगळली तर लेखकाला मागे सारण्याच्या या प्रतिज्ञेचे काय उरते?

या प्रश्नाचे उत्तर संमिश्र आहे. लहान अक्षरांतील ते नाव पुढे इतके प्रसिद्ध झाले की व्यक्तीला झाकण्यासाठी घेतलेले नाव हीच तिची सर्वांत ठळक ओळख बनली. मात्र टोपणनावाचा दुसरा उपयोग अधिक सखोल आहे. 'टीचिंग टू ट्रान्सग्रेस' (१९९४) या ग्रंथातील पाउलो फ्रेरी यांच्यावरील प्रकरण संवादरूप असून त्यात ग्लोरिया वॉटकिन्स प्रश्न विचारतात आणि बेल हुक्स उत्तरे देतात. फ्रेरी यांच्या भाषेतील पुरुषकेंद्रितता मान्य करूनही त्यांच्या विचाराशी नाते का तोडायचे नाही, हा त्या संवादाचा विषय. येथे टोपणनाव आडोसा राहत नाही. स्वतःची उलटतपासणी घेण्याची ती एक युक्ती बनते. जगणारी स्त्री आणि लिहिणारी स्त्री यांच्यात अंतर निर्माण करून त्या अंतरातच विचार उभा करणे, हे त्या नावाचे खरे कार्य होय.

पहिल्या गद्यग्रंथाचे शीर्षक या दृष्टीने विलक्षण सूचक आहे. 'एंट आय अ वूमन' हा प्रश्न सोजर्नर ट्रुथ यांच्या ओहायोतील ॲक्रन येथे १८५१ साली झालेल्या भाषणाशी जोडला जातो. परंतु त्याच वर्षी 'अँटी-स्लेव्हरी ब्यूगल' या पत्रात आलेल्या वृत्तांतात हा प्रश्न आढळत नाही. तो येतो फ्रान्सेस गेज यांनी बारा वर्षांनी, १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाठात. न्यूयॉर्क राज्यातील डचभाषक घरात वाढलेल्या ट्रुथ यांच्या तोंडी गेज यांनी दक्षिणेकडील गुलामांची म्हणून ओळखली जाणारी बोली घातली. नेल पेंटर यांच्या १९९६ मधील चरित्रग्रंथाने ही पाठचिकित्सा सर्वपरिचित केली. म्हणजे कृष्णवर्णीय स्त्रीच्या वाणीचे प्रतीक ठरलेले वाक्य एका गौरवर्णीय स्त्रीच्या लेखणीतून छापील रूपात आले. ट्रुथ यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची वाणी छापखान्यापर्यंत पोहोचण्यास इतरांचा हात लागला आणि त्या हाताने ती बदलली. हुक्स यांनी शीर्षक निवडले तेव्हा ही चिकित्सा प्रचलित नव्हती. तरीही त्यांच्या पुढील साऱ्या धडपडीचे मर्म त्या शीर्षकात आधीच साठलेले दिसते. बोलणे आणि प्रकाशित होणे यांच्यामध्ये जी मध्यस्थी असते, ती कोणाच्या हाती आहे?

या ग्रंथाचे लेखन हुक्स यांनी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, स्टॅनफर्ड विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेत असताना सुरू केले. त्या काळात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करीत हे लेखन चालले होते. अनेक पुनर्लेखनांनंतर, सुमारे दशकभराने, १९८१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रकाशक होते साउथ एंड प्रेस. १९७७ मध्ये बॉस्टन येथे स्थापन झालेली ही प्रकाशनसंस्था सामूहिक तत्त्वावर चालविली जात असे. त्याच वर्षी अँजेला डेव्हिस यांचा 'विमेन, रेस अँड क्लास' हा ग्रंथ रँडम हाउसने काढला. दोन्ही ग्रंथ गुलामगिरीतील स्त्रीश्रमापासून विवेचनास आरंभ करतात. दोन्ही ग्रंथ मताधिकार चळवळीतील वंशवादाची झडती घेतात. पण डेव्हिस या तोवर जगभर परिचित झालेल्या होत्या आणि त्यांचे आत्मचरित्र १९७४ मध्ये त्याच प्रकाशनगृहाकडून, टोनी मॉरिसन यांच्या संपादनाखाली, निघालेले होते. अपरिचित लेखिकेला ते दार खुले नव्हते. तिला चळवळीच्या प्रकाशनसंस्थेचा आधार घ्यावा लागला. बार्बरा स्मिथ, ऑड्री लॉर्ड आदींनी १९८० मध्ये 'किचन टेबल' ही बिगरगौर स्त्रियांची प्रकाशनसंस्था उभारली, तीही याच निकडीतून. कृष्णवर्णीय स्त्रीवादाचा इतिहास हा ग्रंथांइतकाच प्रकाशनसंस्थांचा इतिहास आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

पहिल्या ग्रंथावरील आक्षेपांत तळटीपांच्या अभावाचा आक्षेप ठळक होता. ग्रंथाच्या शेवटी निवडक संदर्भसूची होती, मात्र पानोपानी येणारी टीपांची यंत्रणा नव्हती. हुक्स यांचे उत्तर असे की, तळटीपा पाहताच विद्यापीठाबाहेरचा वाचक 'हे पुस्तक आपल्यासाठी नाही' असे समजून ते बाजूला ठेवतो. तळटीप ही त्यांच्या मते वर्गीय सीमारेषा आखणारी खूण होती. पुढील अनेक ग्रंथांत त्यांनी हाच मार्ग चालू ठेवला. हे समर्थन वजनदार आहे. ज्ञानाची प्रतिष्ठा आणि ज्ञानाची अवघड मांडणी यांचा संबंध अपरिहार्य नाही. अनेकदा तो केवळ प्रवेश रोखण्याचे काम करतो.

परंतु या समर्थनाला एक दुसरी बाजू आहे आणि ती हुक्स यांच्याच भूमिकेतून निघते. तळटीप ही ऋणाची नोंदही असते. ज्यांचे लेखन सहज विस्मृतीत जाते, पुनर्मुद्रित होत नाही, ग्रंथालयांत मिळत नाही, अशा लेखिकांच्या बाबतीत ही नोंद विशेष मोलाची ठरते. पॅट्रिशिया हिल कॉलिन्स यांनी 'ब्लॅक फेमिनिस्ट थॉट' (१९९०) मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांच्या विचारांना जाणीवपूर्वक मध्यभागी ठेवले आणि संदर्भांच्या दाट विणीतून परंपरेचा नकाशाच उभा केला. हुक्स यांच्या वाचकाला दार सहज उघडते, पण त्या दारातून मागील पिढ्यांकडे जाणारी वाट त्याला दर वेळी सापडतेच असे नाही. कॉलिन्स यांच्या वाचकाला वाट सापडते, मात्र दाराशी काहीसे अडखळावे लागते. या दोन पद्धतींतील ताण हा केवळ शैलीचा प्रश्न मानता येत नाही. सामूहिक स्मृती आणि व्यापक वाचकवर्ग यांपैकी कशाला अग्रक्रम द्यावा, हा त्यातील खरा पेच आहे. पहिल्या ग्रंथात समलिंगी कृष्णवर्णीय स्त्रियांविषयी असलेले मौनही समकालीन स्त्रीवाद्यांनी दाखवून दिले होते. अनुभवाच्या आधारे सर्वांसाठी बोलू पाहणाऱ्या लेखनात कोणता अनुभव सुटून जातो, हे त्या आक्षेपातून प्रकट झाले.

१९८३ मध्ये सांता क्रूझ येथे टोनी मॉरिसन यांच्या कादंबऱ्यांवर डॉक्टरेट मिळविल्यानंतर हुक्स यांनी येल, ओबर्लिन आणि न्यूयॉर्कचे सिटी कॉलेज येथे अध्यापन केले. या काळातील ग्रंथांचे प्रकाशक पाहिले तर एक आकृती स्पष्ट होते. 'फेमिनिस्ट थिअरी' (१९८४), 'टॉकिंग बॅक' (१९८९), 'यर्निंग' (१९९०) आणि 'ब्लॅक लुक्स' (१९९२) हे साउथ एंडचे. 'टीचिंग टू ट्रान्सग्रेस' आणि 'आउटलॉ कल्चर' हे १९९४ मधील ग्रंथ रटलेजचे. 'किलिंग रेज' (१९९५) आणि 'बोन ब्लॅक' (१९९६) हेन्री होल्ट या व्यापारी प्रकाशनगृहाचे. 'ऑल अबाउट लव्ह' (२०००) विल्यम मॉरोचे. चळवळ, विद्यापीठ आणि बाजार ही ती तीन क्षेत्रे. परंतु याला सरळ रेषेतील प्रवास म्हणणे चूक ठरेल. २००० सालीच 'फेमिनिझम इज फॉर एव्हरीबडी' ही छोटेखानी पुस्तिका त्यांनी पुन्हा साउथ एंडकडे दिली. एका क्षेत्रातून दुसऱ्यात जाताना पहिले सोडून न देण्याचा हा प्रयत्न होता.

व्यापारी प्रकाशनाच्या टप्प्यावर पुनरुक्तीचा आणि अतिलेखनाचा आक्षेप आला. 'रिमेम्बर्ड रॅप्चर' (१९९९) या लेखनकर्माविषयीच्या ग्रंथात अति लिहिणाऱ्या स्त्रियांवरील एका निबंधातून हुक्स यांनी त्याचा समाचार घेतला. स्त्रीच्या विपुलतेकडे संशयाने पाहण्यामागील पूर्वग्रह त्यांनी अचूक हेरला. त्यांच्या पुनरुक्तीला संरचनेचेही कारण आहे. वाचक कोणत्याही एका पुस्तकातून प्रवेश करील, मागचे वाचलेले असेलच असे नाही, हे गृहीत धरून प्रत्येक ग्रंथ आपली पायाभूत मांडणी नव्याने करतो. ही अध्यापकाची रीत होय. तरीही आक्षेप पूर्णपणे निकालात निघत नाही. 'ऑल अबाउट लव्ह'मध्ये प्रेमाची व्याख्या मानसोपचारतज्ज्ञ एम. स्कॉट पेक यांच्याकडून येते. प्रेम ही भावना नसून कृती आहे, हा त्यातील विचार राजकीय शक्यतांनी भरलेला आहे. परंतु व्यक्तीच्या आत्मिक वाढीवर भर पडताच पूर्वीच्या ग्रंथांतील श्रम, वेतन आणि मालकी यांचे विश्लेषण विरळ होत जाते. वाचकवर्ग रुंदावला, पण त्याच्या हाती पडलेले शस्त्र तितके धारदार राहिले नाही. त्याच वर्षीची 'फेमिनिझम इज फॉर एव्हरीबडी' मात्र दाखवून देते की सुलभता आणि संरचनात्मक विश्लेषण एकत्र नांदू शकतात. म्हणून दोष सुलभतेला देता येत नाही. बदलते ते वाचकाविषयीचे गृहीतक: एका ग्रंथात वाचक चळवळीचा संभाव्य सहभागी आहे, तर दुसऱ्यात तो सांत्वन शोधणारी एकटी व्यक्ती आहे.

२००४ मध्ये हुक्स केंटकीतील बेरीया कॉलेजमध्ये रुजू झाल्या आणि १५ डिसेंबर २०२१ रोजी बेरीया येथेच त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी, २०१४ मध्ये, साउथ एंड प्रेस बंद पडली. त्या संस्थेने काढलेले हुक्स यांचे आरंभीचे ग्रंथ आता रटलेजच्या नावाने मिळतात. म्हणजे परिघावरून केंद्राकडे पाहण्याचा आग्रह धरणारे ग्रंथ अखेर ज्ञानव्यापाराच्या केंद्राकडूनच वितरित होऊ लागले. हा पराभव मानावा काय? ग्रंथ उपलब्ध राहिले, हे खरे. मात्र अपरिचित लेखिकेचे पहिले हस्तलिखित स्वीकारणारी संस्था राहिली नाही, हेही तितकेच खरे. मोठा प्रकाशक सिद्ध झालेला लेखक सांभाळतो. लेखक सिद्ध होण्यापूर्वीची जोखीम लहान संस्था घेते. हुक्स यांच्या कारकिर्दीचा इतिहास हाच भेद स्पष्ट करतो. म्हणून त्यांच्या सिद्धांताचे मूल्यमापन केवळ संकल्पनांच्या कसोटीवर करणे अपुरे ठरते. टेलिफोन ऑपरेटरचे काम करीत लिहिणाऱ्या एखाद्या तरुण स्त्रीचे हस्तलिखित आज कोण छापील, हा प्रश्न त्या मूल्यमापनाचा अविभाज्य भाग आहे.